मत कोणाचे, मोल किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत याआधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकालीन दुर्ग असे रसाळ विषय आपल्यापुढे मांडले. त्या पंक्तीत मतदानासारखा रुक्ष पदार्थ वाढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे. पदवीने साधा बी.ए. आणि पेशाने केंद्र सरकारचा नोकर. परंतु नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी बदली झाली, तेथे तेथे निवडणुकीची कामगिरी वाट्याला आली. मतदान केंद्रावर पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून एक गोष्ट मनावर ठसली. ती अशी की, मत देणे ही क्षणाची क्रिया असली, तरी त्या मताचे मोल फार आधी ठरलेले असते. यादीत कोणाचे नाव घेतले आहे आणि मोजणीचा नियम कोणता आहे, या दोन गोष्टी ते ठरवितात.

आजच हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या मंडळाच्या घटनादुरुस्तीचा मसुदा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यातील दोन प्रश्नांवर सध्या घरोघरी चर्चा चालू आहे. पहिला प्रश्न असा की, आजवर एका कुटुंबास एक मत व ते कुटुंबप्रमुखाने द्यावयाचे, असा आपला नियम आहे. तो तसाच ठेवावा, की प्रत्येक प्रौढ व्यक्तीस मत द्यावे? दुसरा असा की, वास्तुनिधीस मोठ्या देणग्या देणाऱ्या आश्रयदात्यांना कार्यकारिणीत कायमच्या राखीव जागा द्याव्यात काय? या प्रश्नांची उत्तरे आपण रागलोभावर सोडू नयेत, एवढीच माझी विनंती आहे. राज्यकारभार, व्यापार आणि सहकार या तिन्ही क्षेत्रांनी हे प्रश्न फार पूर्वी सोडविले आहेत, आणि तिघांची उत्तरे भिन्न आहेत. ती भिन्न का आहेत हे समजले, म्हणजे आपले उत्तर आपल्याला सापडेल.

प्रथम राज्यकारभार. इंग्रजी अमदानीत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मतदारांची संख्या वाढविली, तरी बहुसंख्य प्रौढ स्त्रीपुरुष यादीबाहेरच राहिले. याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी बजावले की, राजकारणात आपण एका व्यक्तीस एक मत व प्रत्येक मतास समान मूल्य हे तत्त्व मान्य करीत आहोत. परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच राहिली, तर हा विरोध फार काळ टिकणार नाही. त्या इशाऱ्यातील ‘मूल्य’ हा शब्द आपण लक्षात ठेवू. मत असणे वेगळे आणि मताला मूल्य असणे वेगळे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची नावे यादीत आली. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून पक्षांना चिन्हे दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र ठेवली गेली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे खरी अडचण उभी राहिली ती मात्र निराळीच होती. उत्तरेकडील अनेक भागांत गणनीसांना बायका आपले नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची पत्नी, एवढीच त्यांची नोंद होऊ लागली. आयोगाने ठरविले की, नातेसंबंध म्हणजे नाव नव्हे. मतदाराचे स्वतःचे नाव यादीत असलेच पाहिजे. मुदत वाढवूनही ज्यांनी नावे दिली नाहीत, त्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद अखेर वगळावी लागली. त्या वेळी हा निर्णय अनेकांना कठोर वाटला. पण दुसऱ्या निवडणुकीच्या याद्या तयार होताना परिस्थिती पुष्कळ सुधारली होती. ‘तमक्याची पत्नी’ या नोंदीने मत देता येत नाही, हे सरकारी यंत्रणेने ठणकावून सांगितले, म्हणून पुढे त्या स्त्रिया आपल्या नावाने मतदार झाल्या.

आता आपल्या मंडळाची सभासदवही उघडा. ‘श्री. अमुक आणि कुटुंब’ अशाच नोंदी तेथे दिसतील. ज्या भगिनींनी वर्षानुवर्षे ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळल्या, बालवर्गात मुलांना बाराखडी शिकविली, गणेशोत्सवात शेकडो माणसांचा महाप्रसाद रांधला, त्या त्या ‘आणि कुटुंब’ या दोन शब्दांत सामावल्या आहेत. संस्थापकांच्या मनात यात कमीपणाची भावना नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. त्या काळी वर्गणी एका पगारातून येई आणि सभेला एकच माणूस जाई. परंतु देशाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी जी नोंद अपुरी ठरविली, ती आपण आपल्या पन्नासाव्या वर्षीही चालू ठेवावी काय, एवढेच मी विचारतो. कायदाही या बाबतीत हळूहळूच सुधारत आला आहे. सैन्यातील पुरुषासोबत राहणाऱ्या पत्नीची सेवा-मतदार म्हणून नोंद होई. सैन्यातील स्त्रीच्या पतीची मात्र होत नसे, कारण कायद्यात शब्दच ‘पत्नी’ असा होता. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘पती वा पत्नी’ असा अर्थ देणारा शब्द आला.

यादीचा विषय निघालाच आहे, तर आपणा स्थलांतरितांच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा येथेच सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांची नावे अद्याप सातारा, रत्नागिरी वा अकोल्याच्या मूळ गावच्या यादीत आहेत. गावची ओढ हे त्याचे कारण, आणि ती ओढ मी समजू शकतो. परंतु मतदानाच्या दिवशी रजा मिळत नाही, गाडीचे आरक्षण मिळत नाही, आणि मत येथेही होत नाही व तेथेही होत नाही. १९५० चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम म्हणतो की, जेथे आपण सामान्यतः राहतो तेथे नाव नोंदवावे. केवळ गावी स्वतःचे घर आहे एवढ्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, असे त्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिले आहे. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. आणखी एक गैरसमज माझ्या सहकाऱ्यांत फार आढळतो: केंद्र सरकारच्या नोकराला टपालाने गावचे मत देता येते, असा. तो हक्क सेना दले, राज्याबाहेर तैनात असलेले त्या राज्याचे सशस्त्र पोलीस आणि देशाबाहेर नेमणूक झालेले भारत सरकारचे कर्मचारी यांना आहे. देशातल्या देशात बदली झालेल्या कारकुनाला वा अधिकाऱ्याला तो नाही.

यातील विसंगती माझ्याही ध्यानात येते. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशात राहणारा भारतीय नागरिक पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो, जरी मत द्यायला त्याला स्वतः यावे लागते. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता यावे, अशी त्याची रचना होती. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे तो मांडण्यात आला. तेव्हा अनेक पक्षांनी शंका घेतल्या आणि प्रस्ताव तेथेच थांबला. म्हणून अशा यंत्राची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण येथे नाव नोंदवावे, हे बरे. प्रथम नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता बदलला असल्यास नमुना ८ आहे. येथील नळाला येणारे पाणी, येथील शाळा, येथील गटारे, यांचे निर्णय आपल्यावर होतात. ज्या निर्णयाचा भार आपल्यावर पडतो, त्यात आपले मत असावे. हे तत्त्व पुढेही आपल्या उपयोगी पडणार आहे.

यादीनंतर येतो मोजणीचा नियम. आपल्या लोकसभेत ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी, असा सोपा नियम आहे. सोपेपणा हा त्याचा मोठा गुण. निरक्षर मतदारालाही तो कळतो. पण त्याची किंमत द्यावी लागते. मी शासकीय सेवक असल्याने पक्षांविषयी बोलणे माझ्या मर्यादेत बसत नाही. आकडे मात्र सर्वांचे आहेत. डिसेंबर १९८४ मध्ये सुमारे ४९ टक्के मतांवर काँग्रेसला ५१४ पैकी ४०४ जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्षाला सुमारे पावणेआठ टक्के मते असून जागा मिळाल्या दोन. २०१४ मध्ये त्याच भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. कोणी लबाडी केली असा याचा अर्थ नाही. नियमच असा आहे की, विखुरलेली मते वाया जातात आणि एकवटलेली मते वाढीव फळ देतात.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपल्या राज्यघटनेने निराळा मार्ग स्वीकारला आहे. तेथे मतदार उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहितो आणि निवडून येण्यास निम्म्याहून अधिक मूल्य लागते. आमदाराच्या मताचे मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. २०२२ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८, महाराष्ट्रातील आमदाराचे १७५, सिक्कीममधील आमदाराचे ७ आणि खासदाराचे ७०० होते. त्यासाठी लोकसंख्या धरली होती ती १९७१ ची.

या पद्धतीचा खरा कस १९६९ साली लागला, आणि त्यात एका थोर महाराष्ट्रीयाचा संबंध होता. वराहगिरी वेंकट गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख हे तीन प्रमुख उमेदवार होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. गिरी आघाडीवर असूनही विजयी नव्हते. मग तळाच्या उमेदवारांपासून एकेक बाद करीत, त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजण्यात आली. शेवटी गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. पहिल्या फेरीतील ८७,९६७ चे अंतर अखेरीस १४,६५० वर आले. चिंतामणराव हरले, परंतु त्यांना पहिली पसंती देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही. निकालाच्या शेवटच्या पायरीपर्यंत ते मोजले गेले. अल्पमतात असलेल्याचेही मत कामी यावे, ही या पद्धतीची थोरवी होय.

आता व्यापाराकडे वळू. येथे माणूस मोजला जात नाही, भांडवल मोजले जाते. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे भागधारकाचे मत त्याने भरलेल्या भागभांडवलाच्या प्रमाणात असते. सभेत हात वर करून मत घेतले, तर प्रत्येकाचा हात एकच. पण रीतसर मतमोजणी झाली, की ज्याचे शंभर शेअर त्याची शंभर मते आणि ज्याचे लाख त्याची लाख. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे दहा-वीस शेअरची कागदपत्रे कपाटात असतात. त्यांना हा फरक चटकन कळेल. हे वरवर अन्यायाचे दिसते. तसे ते नाही. धंदा बुडाला तर ज्याने अधिक घातले त्याचे अधिक बुडते. भार पैशावर, म्हणून मतही पैशाला.

हेच तत्त्व उलट बाजूनेही काम करते. प्रेफरन्स शेअर घेणाऱ्याला ठरावीक दराचा लाभांश आधी मिळतो, म्हणून एरवी त्याला सर्व ठरावांवर मत नसते. परंतु दोन वा अधिक वर्षे त्याचा लाभांश थकला, की कायदा त्याला सर्व ठरावांवर मत देतो. भार आला, की मत आले. काही कंपन्यांनी जादा लाभांशाच्या मोबदल्यात कमी मताचे शेअरही काढले. टाटा मोटर्सने २००८ साली काढलेल्या ‘अ’ वर्गाच्या दहा शेअरना मिळून एक मत होते. २०२४ मध्ये ते शेअर रद्द करून धारकांना साधे शेअर देण्यात आले.

मात्र भांडवलाच्या राज्यातही बहुमताला लगाम आहे. कंपनीच्या नियमावलीत बदल करण्यासारख्या गंभीर गोष्टींना विशेष ठराव लागतो. त्यात अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. सभेला न येणाऱ्यासाठी बदली माणूस, ज्याला आपण ‘प्रॉक्सी’ म्हणतो, तो आहे. पण त्याला सभेत बोलण्याचा हक्क नाही. २००० नंतर टपाली मतदान आणि २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांत संगणकावरील मतदान आले. त्यामुळे मुंबईतील कंपनीच्या सभेत आसनसोल वा इंदूरचा लहान भागधारक घरी बसून मत देऊ शकतो.

पैशाला मत दिले म्हणजे काय होऊ शकते, हे पाहायचे असेल, तर ज्या कंपनीने आपल्यावर राज्य केले तिच्याकडेच पाहावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत १७७३ पूर्वी ५०० पौंडांच्या भांडवलास एक मत असे, आणि अधिक भांडवल असले तरी मत एकच. हा नियम लहानांच्या संरक्षणाचा दिसतो. परंतु १७६० नंतरच्या दशकात क्लाइव्ह आणि त्याचे प्रतिस्पर्धी यांनी त्यातून पळवाट काढली. आपले भांडवल पाचपाचशे पौंडांत तोडून मित्रांच्या व आश्रितांच्या नावे निवडणुकीपुरते लावायचे, मते मिळवायची, आणि नंतर ते परत घ्यायचे. बंगालची सत्ता कोणाच्या हाती जावी, हे लंडनमध्ये अशा उसन्या मतांवर ठरू पाहत होते. अखेर १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने एका मतासाठी १,००० पौंड आवश्यक केले, ३,००० ला दोन, ६,००० ला तीन व १०,००० ला चार अशी कमाल मर्यादा घातली, आणि भांडवल बारा महिने स्वतःच्या नावे असल्याशिवाय मत नाही, असे ठरविले.

आपण हसू नये. निवडणुकीच्या आदल्या महिन्यात एकाच हस्ताक्षरात भरलेले चाळीस सभासदत्वाचे अर्ज आणि एकाच खिशातून आलेली चाळीस जणांची वर्गणी, हा प्रकार कोणत्याही शहरातल्या मंडळांना अगदीच अपरिचित नाही. रोग अडीचशे वर्षांचा आहे आणि औषधही तेवढेच जुने आहे: ठरावीक तारखेपूर्वी सभासद असल्याखेरीज मत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानेही कलम १५ मध्ये सांगून ठेवले आहे की, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्यास मत नाही.

तिसरे क्षेत्र सहकाराचे, आणि येथे महाराष्ट्राची मान ताठ आहे. इंग्लंडात १८४४ साली रॉचडेलच्या कामगारांनी जी परंपरा घालून दिली, तिचे सार ‘एक सभासद, एक मत’ हे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नेही तेच मानले आहे: भाग कितीही असोत, मत एकच, आणि प्रॉक्सीला मज्जाव. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा भांडवल जमवण्याची नड खाजगी कंपनीइतकीच होती. तरीही दोन एकर उसाच्या आणि वीस एकर उसाच्या शेतकऱ्याला मत एकेकच होते. यामागे भाबडेपणा नव्हता. सहकारी संस्थेत सभासद पैसा घालून दूर बसत नाही. तो आपला ऊस, आपले घर, आपला संसार संस्थेशी बांधतो. लहानाचा संसार मोठ्याच्या संसाराइतकाच पूर्ण असतो. पुढे सहकारातही गट, घराणी आणि नाममात्र सभासद शिरले, हे खरे आहे. पण ते दोष नियमाचे नव्हेत, नियम सैल सोडल्याचे आहेत.

तर तीन क्षेत्रांची तीन उत्तरे अशी: राज्यात माणसाला मत, कंपनीत भांडवलाला मत, सहकारी संस्थेत सभासदाला मत. तिन्हींच्या मुळाशी सूत्र मात्र एकच आहे. निर्णयाचा भार ज्याच्यावर, मत त्याचे; आणि भार ज्या मापाने पडतो, त्या मापाने मत. ही मापे एकमेकांत मिसळली, की बिघाड होतो. ब्रिटनमध्ये व्यवसायाच्या जागेपोटी पार्लमेंटच्या निवडणुकीत दुसरे मत देण्याची प्रथा होती; पदवीधरांनाही विद्यापीठाचे वेगळे मत होते. १९४८ च्या कायद्याने दोन्ही रद्द केली, कारण राज्याचा कायदा दुकानदारावर दुप्पट लागू होत नाही.

हे सूत्र आता आपल्या दोन प्रश्नांना लावू या.

आपल्या मंडळात कोणाचे काय पणाला लागलेले असते? नफा नाही, लाभांश नाही. आपण येथे आपली सायंकाळ, आपली मुले, आपली भाषा ठेवतो. या परमुलखात मराठी बोलणारे दुसरे घर कोणते, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मंडळ. वाचनालय बंद झाले, तर त्याचा भार कुटुंबप्रमुखापेक्षा दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या वृद्ध मातोश्रींवर अधिक पडतो. बालवर्ग बंद झाला, तर तो नव्या सुनेवर आणि तिच्या मुलांवर पडतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचे नाव स्वतंत्रपणे सभासदवहीत यावे आणि प्रत्येकास एक मत असावे. देशाने ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून अठरा वर्षांचे मतदार मानले. आपण त्यांच्याकडून फक्त सतरंज्या उचलून घेतो आणि तरुण मंडळाकडे फिरकत नाहीत म्हणून हळहळतो.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. एक असा की, वर्गणी वाढेल. तसे होण्याचे कारण नाही. वर्गणी कुटुंबाची एकच राहू शकते. वर्गणी आणि मत यांची गाठ सोडता येते. दुसरा असा की, पाच माणसांच्या घराला पाच मते आणि एकट्या बदलीच्या अधिकाऱ्याला एक, हे विषम होईल. मी स्वतः बदलीचा अधिकारी आहे. पाच माणसांवर निर्णयाचा भार पडत असेल, तर पाच मते असण्यात विषमता नाही. पाच माणसांचे एक मत मानण्यात ती आहे. शिवाय एका घरातली पाच मते एकाच बाजूला पडतात, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच घरी एकदा जेवणाच्या वेळी विषय काढून पाहावा.

दुसरा प्रश्न आश्रयदात्यांचा. ज्यांच्या उदार हातांमुळे ही वास्तू उभी राहिली, त्यांचे ऋण न फिटणारे आहे. परंतु देणगी आणि भांडवल यांत भेद आहे. भांडवल परताव्याच्या अपेक्षेने घातलेले असते, म्हणून त्याला मत असते. देणगी दिली, त्या क्षणी ती सर्वांची झाली. तिच्या बदल्यात राखीव जागा दिली, तर दान गुंतवणूक होईल, आणि दात्याचाच मोठेपणा कमी होईल. दात्यांची खरी चिंता मी समजू शकतो: उद्या कोणी उठून ही वास्तू विकेल काय? त्या चिंतेवर उपाय राखीव खुर्ची हा नाही. कंपनी कायद्यातील विशेष ठरावाची युक्ती येथे घ्यावी. वास्तू विकणे, गहाण टाकणे वा घटना बदलणे यांस तीनचतुर्थांश मते आवश्यक करावीत. मग दाता असो वा नसो, वास्तू सुरक्षित राहील. दात्यांची नावे संगमरवरावर कोरावीत, मतपत्रिकेवर नकोत.

जाता जाता चार किरकोळ सूचना. सभासदत्वाला सहा महिने झाल्याखेरीज मत देऊ नये. कोऱ्या सहीची प्रॉक्सीपत्रे गोळा करण्याची रीत बंद करावी. जे वृद्ध वा आजारी सभासद येऊ शकत नाहीत, त्यांना घरी बंद पाकिटात मतपत्रिका द्यावी. आणि कार्यकारिणीच्या अकरा जागांसाठी प्रत्येकाने अकरा खुणा करण्याऐवजी पसंतीचे क्रमांक लिहावेत. आज शंभरांपैकी एक्कावन्न जण एकत्र आले, तर ते अकराच्या अकरा जागा घेऊ शकतात, आणि उरलेले एकोणपन्नास पुढील वर्षी वर्गणीच भरत नाहीत. पसंतीक्रमाच्या पद्धतीने त्यांनाही चारपाच जागा मिळतील. मोजणीला एक तास अधिक लागेल. मोजणीची कामगिरी माझ्याकडे द्यावी. मला तिची सवय आहे.

पुष्कळ जण म्हणतील की, आपली निवडणूक पन्नास वर्षे बिनविरोध होत आली, मग एवढा खटाटोप कशासाठी? बिनविरोध या शब्दाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु एकमत आणि मौन यांत अंतर असते. ज्यांना मतच नव्हते, त्यांचा विरोध नव्हता असे म्हणता येत नाही. प्रत्येकाला मत असताना निवडणूक बिनविरोध झाली, तर तो खरा सुवर्णमहोत्सव मानू.

येत्या सर्वसाधारण सभेत या मसुद्यावर मत देण्याचा अधिकार सध्याच्या घटनेप्रमाणे कुटुंबप्रमुखांनाच आहे. म्हणजे इतरांना मत द्यायचे की नाही, हे ज्यांच्याकडे आज मत आहे तेच ठरविणार आहेत. मताधिकाराच्या इतिहासात ही पाळी पुष्कळ सभागृहांवर आली. १९२१ साली मुंबईच्या विधिमंडळात स्त्रियांना मत द्यावे काय, याचा निर्णय पुरुष सभासदांनीच केला, आणि तो होकाराचा केला. आपल्या सभेतील प्रमुख मंडळी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पुरुषांपेक्षा मागे राहणार नाहीत, याची मला खात्री आहे. सभेला येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस तिचे मत विचारावे आणि मगच आपला हात वर करावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.